कणसे सोलणाऱ्यांचा नवा हंगाम



मागे आपण मक्यावरच्या लष्करी अळीबद्दल बोललो होतो. आजही विषय मक्याचाच आहे, पण जरा बांध ओलांडून पलीकडे जाऊ.

अमेरिकेच्या मध्यावर नेब्रास्का नावाचे राज्य आहे. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या दोनतृतीयांश, पण वस्ती वीस लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बेताच्या जिल्ह्याएवढी माणसे आणि बाकी सगळे रान. मका, सोयाबीन आणि जनावरांची कुरणे. विहिरीभोवती चाकांवर गोल फिरत पिकावर पाणी शिंपडणारी लांबच लांब नळी तुम्ही चित्रात पाहिली असेल, तिचा कारखानदारी पसारा याच राज्यात वाढला. या राज्याच्या विद्यापीठाचा एक फुटबॉल संघ आहे. त्याचे नाव 'कॉर्नहस्कर्स', म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. या संघाचा मी दुरूनचा भक्त आहे.

तुम्ही म्हणाल, कृषी अधिकाऱ्याला हा कसला नाद? तर आमच्या तालुक्यातल्या एका बागायतदाराचा मुलगा तिकडे लिंकन गावी मृदाशास्त्र शिकायला गेला. मी त्याला विचारत होतो माती-परीक्षणाचे, तो सांगत बसायचा फुटबॉलचे. ऐकता ऐकता मलाही गोडी लागली, आणि आता २०२६ चा हंगाम तोंडावर आला तसा मी तुमच्यापुढे माझा अंदाज मांडायला बसलो आहे.

आधी खेळ समजून घ्या, कारण हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळ बहुतेक हातांचा. मैदान १०० यार्ड लांब आणि सव्वात्रेपन्न यार्डांहून किंचित अधिक रुंद. मी हिशोब केला, ते भरते बरोबर ४४ गुंठे. दोन्ही टोकांना आणखी दहा-दहा यार्डांची पट्टी असते, ती धरली तर त्रेपन्न गुंठ्यांच्या घरात. त्या ४४ गुंठ्यांत अकरा विरुद्ध अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. कबड्डीत आपण समोरच्या अंगणात घुसून परत येतो. इथे घुसायचे आणि जिंकलेली जमीन राखायची. शेवटच्या पट्टीत चेंडू नेला की सहा गुण. त्यानंतर लगेच चेंडू खांबांमधून लाथेने मारला तर एक जादा, आणि लाथ न मारता पुन्हा पट्टीत घुसवला तर दोन. हे एक आणि दोन ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता हे नाव. यंत्रे येण्यापूर्वी तिकडचा मका हातानेच काढत. मनगटाला चामड्याच्या पट्ट्याने लोखंडी आकडा बांधायचा, उभ्या ताटावरच्या कणसाचा पाला त्याने फाडायचा, कणीस मोडायचे आणि शेजारून चालणाऱ्या गाडीत फेकायचे. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हेच काम, तेही थंडीत. १९२० च्या दशकात तर कोण किती कणसे सोलतो याच्या राष्ट्रीय शर्यती भरू लागल्या होत्या. संघाला हे नाव पडले विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्याआधीच्या नावांत 'कीडखाऊ' असेही एक नाव होते! कणसे सोलणारे त्यापेक्षा बरे, नाही का? आज सामन्याला येणारी तरुण पोरे डोक्यावर मक्याच्या कणसाची टोपी घालून बसतात. आपल्या एखाद्या कॉलेजच्या संघाने 'ऊसतोडे' असे नाव घेतले, तर तिथली मुले ते अभिमानाने छातीवर लावतील की लाजतील? सांगणे कठीण आहे.

विद्यापीठ १८६९ सालचे. अमेरिकन सरकारने १८६२ मध्ये कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढा म्हणून सांगितले. त्यातूनच ही विद्यापीठे उभी राहिली. १९१४ च्या कायद्याने त्यांना गावोगाव जाऊन शेतकऱ्याला शिकवण्याचे कामही दिले, म्हणजे आम्हा विस्तारवाल्यांचे गोत्र तेच. नेब्रास्काने तर १९१९ मध्ये असा कायदा केला की, ट्रॅक्टरची विद्यापीठात परीक्षा झाल्याशिवाय तो राज्यात विकायचा नाही. कंपनीच्या जाहिरातीला फसलेल्या शेतकऱ्यांनी विधानसभेत बसून हा कायदा करून घेतला.

आणि यात आपला धागा असा. आपल्या देशातली कृषी विद्यापीठे याच नमुन्यावर उभारली गेली. १९६० मध्ये पंतनगर झाले, त्याला इलिनॉय विद्यापीठाने हात दिला. लुधियानाला ओहायो राज्य विद्यापीठाने. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीचे विद्यापीठ निघाले, आपल्या राज्याच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाची मदत आली. गंमत पाहा, नेब्रास्का २०११ पासून ज्या 'बिग टेन' नावाच्या गटात खेळते, त्या गटात हे तिघेही आहेत. पंतनगरचे गुरू, लुधियानाचे गुरू आणि आपले गुरू, सगळे नेब्रास्काचे वैरी! २०२५ च्या नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाने नेब्रास्काला चांगलेच बुकलले, तेव्हा मला राग धरावा की राहुरीचे ऋण मानावे हे कळेना.

या राज्यात पगारी खेळाडूंचा एकही मोठा संघ नाही. मुंबईसारखे शहर नाही, समुद्र नाही, डोंगरही फारसे नाहीत. त्यामुळे साऱ्या राज्याचा जीव या एका संघात. लिंकनचे मैदान १९२३ सालचे, आज सुमारे पंच्याऐंशी हजार लोक मावतात. सामन्याच्या दिवशी ते मैदानच राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तिथे म्हणतात, आणि आकडे पाहिले तर ते खरे आहे. ३ नोव्हेंबर १९६२ पासून २०२५ च्या हंगामापर्यंत तिथला एकही सामना असा झाला नाही की तिकिटे शिल्लक राहिली. असे चारशेच्या पुढे सामने झाले. पाहुणा संघ जिंकून जाऊ लागला तरी लोक उठून टाळ्या वाजवतात. सामने शनिवारी, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा नेमका मका आणि सोयाबीन काढणीचा काळ. ज्याला रान सोडता येत नाही तो कापणी यंत्रात बसून रेडिओवर सामना ऐकतो. सुगी आणि खेळ एकाच वेळी यायचा, हे आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखे नाही. आपण सुगी उरकून जत्रेला जातो.

या संघाने चांगले दिवस पाहिले आहेत. १९७० आणि १९७१ मध्ये बॉब डेव्हेनी या प्रशिक्षकाच्या हाताखाली देशात पहिला नंबर. मग १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे टॉम ऑस्बोर्न. माणूस याच राज्यातल्या हेस्टिंग्ज गावचा, मितभाषी. पंचवीस वर्षांत २५५ विजय, आणि कोणत्याही वर्षी नऊपेक्षा कमी नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ ही तीन वर्षे पहिल्या क्रमांकाची, शेवटच्या वर्षी तो मान मिशिगनबरोबर वाटून घ्यावा लागला. पण ऑस्बोर्न यांची ओळख मला सर्वांत जास्त पटते ती एका हरलेल्या सामन्यावरून. २ जानेवारी १९८४, मायामीशी गाठ. नेब्रास्का त्या हंगामात एकही सामना हरलेली नव्हती. शेवटची ४८ सेकंदे उरली असताना गुण झाले ३१-३०, मायामी एकाने पुढे. आता ते एक आणि दोन आठवा. लाथ मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी, आणि बरोबरीवरही देशाचा पहिला क्रमांक बहुधा मिळालाच असता. ऑस्बोर्न यांनी दोनचा डाव टाकला. चेंडू समोरच्या गड्याच्या बोटांना लागून उडाला आणि सामना गेला. नेब्रास्कातली जुनी माणसे आजही म्हणतात की त्यांनी बरोबर केले. मलाही तसेच वाटते.

त्यानंतरचा इतिहास मात्र उतरणीचा. २००३ मध्ये नऊ सामने जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला काढले, कारण नऊ कमी वाटले. मग एकामागून एक प्रशिक्षक आले आणि गेले. २०१८ मध्ये स्कॉट फ्रॉस्टला आणले. १९९७ च्या विजयी संघाचा खेळाडू, गावचाच पोर, साऱ्या राज्याला वाटले घरचा मुलगा घर सावरेल. २०२१ मध्ये त्याचा संघ नऊ सामने हरला, आणि नऊही पराभव दहा गुणांच्या आतले! कणसे भरली, पण दरवेळी काढणीच्या तोंडावर पाऊस पडावा, तसे झाले. २०२२ च्या सप्टेंबरात त्यालाही काढले.

२०२३ पासून मॅट रूल प्रशिक्षक आहेत. या माणसाची ख्याती अशी की, पडीक रान तिसऱ्या वर्षी पिकवून दाखवतो. टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी दोन विजय, तिसऱ्या वर्षी दहा. बेलरला पहिल्या वर्षी एकच विजय, तिसऱ्या वर्षी अकरा. नेब्रास्कात पहिल्या वर्षी पाच, दुसऱ्या वर्षी सात, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, पुन्हा सातच. रान तेवढे सोपे नव्हते म्हणायचे.

२०२५ चे नीट पाहिले पाहिजे, त्यावरच पुढचा अंदाज बांधता येतो. चेंडू फेकणारा मुख्य गडी डिलन रायोला. याचा बापही नेब्रास्काकडूनच खेळलेला. १७ ऑक्टोबरला मिनेसोटाने त्याला नऊ वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवे केले. १ नोव्हेंबरला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्ध त्याच्या पायाचे हाड मोडले आणि हंगाम संपला. हंगामानंतर तो संघ सोडून ऑरेगॉनला गेला. एमेट जॉन्सन या धावपटूने एकट्याने १,४०० यार्डांहून अधिक अंतर कापले, तोही आता पगारी खेळाकडे वळला. आयोवाशी शेवटचा सामना घरच्या मैदानावर ४०-१६ ने गमावला. २०२३ आणि २०२४ मध्ये याच आयोवाने दोन्ही वेळा १३-१० असे हरवले होते, आणि दोन्ही वेळा अगदी शेवटच्या लाथेवर. आयोवा म्हणजे शेजारचे राज्य, तेही मक्याचे. भावकीतला पराभव कसा सलतो ते तुम्हाला मी काय सांगावे!

आणखी एक सल आहे. देशाच्या पहिल्या पंचविसांत गणल्या गेलेल्या संघाला नेब्रास्काने शेवटचे हरवले ते २०१६ च्या सप्टेंबरात, ऑरेगॉनला. त्यानंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत एकदाही नाही.

माझे मत असे की, रोग चेंडू फेकणाऱ्याच्या हातात नव्हता. तो पुढच्या रांगेत होता. समोरासमोर छातीला छाती लावून ढकलणारी जी भारदस्त पोरे असतात, ती म्हणजे नांगराची बैलजोडी. बैल दुबळे असतील तर नांगऱ्या कितीही हुशार असला तरी तास सरळ पडणार नाही. समोरच्या संघांनी नेब्रास्काच्या बचावाला मधोमध फोडून पळ काढला, तोही याच रांगेचा दोष. बचाव शिकवणारा प्रशिक्षक या वर्षी नवा आणला आहे. वाचणाऱ्यांनी नव्या चेंडूफेक्याच्या बातम्या वाचाव्यात, मी मात्र पहिल्या तीन सामन्यांत या बैलांकडे बघणार आहे.

आता ज्यासाठी मी खरे म्हणजे लिहायला बसलो, ते सांगतो.

या संघाची एक रीत होती. विद्यापीठे ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देत. त्यापलीकडे नेब्रास्का राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांना संघात येऊ देई. शिष्यवृत्ती नाही, फी स्वतःची, पहिली दोन-तीन वर्षे मैदानात उतरायचीही खात्री नाही. फक्त सरावात मार खायचा आणि वाढायचे. अशी पोरे धरून संघात दीडशेच्या आसपास गडी असत. ब्रेनार्ड नावाचे पाचशेच्या आतल्या वस्तीचे गाव आहे, तिथले जेफ आणि जोएल माकोविका हे भाऊ असेच आले आणि १९९० च्या दशकातल्या विजयी संघांत खेळले. ऑस्बोर्न यांच्या यशातले निम्मे गुपित या पोरांत आहे, असे मी मानतो. शेतावर वाढलेला मुलगा सतरा-अठराव्या वर्षी ओबडधोबड असतो, पण तीन वर्षे खाणे आणि शिकवण नीट मिळाली की त्याला तोड नसते.

असाच एक सॅम फोल्ट्झ. ग्रीली या लहान गावाजवळच्या शेतावर वाढलेला. तोही शिष्यवृत्तीविना आला आणि २०१५ मध्ये साऱ्या गटातला सर्वोत्तम लाथमाऱ्या ठरला. चौथ्या प्रयत्नाला दहा यार्ड होणार नाहीत असे दिसले की चेंडू लांब लाथाडून द्यायचा, ते त्याचे काम. २०१६ च्या जुलैत मोटार अपघातात तो गेला. त्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात, फ्रेस्नोविरुद्ध, पहिल्यांदा लाथ मारायची वेळ आली तेव्हा नेब्रास्काने मैदानात दहाच गडी पाठवले. लाथमाऱ्याची जागा रिकामी. वेळ संपला, पंचाने दंड दिला, पण समोरच्या संघाने तो दंड घ्यायला नकार दिला. मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे मला त्या मुलाने सांगितले तेव्हा आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प होतो.

आता नियम बदलले. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयात झालेल्या तडजोडीने विद्यापीठांनाच खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. खेळाडू कष्ट करतात, मैदान त्यांच्यामुळे भरते, तेव्हा त्यांना दाम मिळणे रास्तच आहे. त्याला माझा विरोध नाही. पण त्याच तडजोडीत एका संघात १०५ पेक्षा जास्त गडी नकोत, असेही ठरले. आधीपासून असलेल्यांना सवलत मिळाली, नव्याने येणाऱ्यांना नाही. म्हणजे दीडशेचे एकशेपाच. गळणार कोण? पैसे देऊन आणलेला गडी नव्हे. गळणार तो ब्रेनार्डचा, ग्रीलीचा, अजून अंग न भरलेला शेतकऱ्याचा पोरगा.

दुसरीकडे खेळाडू दरवर्षी संघ बदलू शकतात. त्यामुळे जो तो प्रशिक्षक तयार माल बाहेरून आणतो. आपण दरवर्षी नवे संकरित बियाणे विकत आणतो तसेच. संकरिताला मी नावे ठेवत नाही, आयुष्यभर त्याचाच प्रचार केला आहे. पण ज्या घरात निवडीचे बियाणे ठेवायची रीतच मोडली, तिथे पुढच्या वर्षी पिशवी महागली की काय करायचे, हा प्रश्न उरतोच. नेब्रास्काकडे पैसा आहे, पण ओहायो आणि ऑरेगॉनकडे त्याहून कमी नाही. त्यांच्याजवळ नव्हते असे नेब्रास्काजवळ एकच होते, ते म्हणजे खेड्यातले हे पन्नास-साठ जादा गडी. तेच आता कमी होणार, आणि ते सुद्धा पुढची रांग दुबळी असताना.

म्हणून माझी या हंगामाची पैसेवारी अशी. बारा सामने. सहा जिंकले तर हंगामानंतरच्या जादा सामन्याला पात्र ठरतात. ही पन्नास पैशांची रेघ धरा. सहापेक्षा खाली गेले तर दुष्काळ. मला सात दिसतात. पुढची रांग सुधारली तर आठ. नऊ झाले तर मी त्या बागायतदाराच्या घरी स्वतः पेढे घेऊन जाईन. मोठ्या नावाच्या एका तरी संघाला हरवले तर आठ नसले तरी चालेल. २०१६ पासूनची ती उधारी फिटली पाहिजे.

ज्यांच्या घरी मोठी मुले आहेत आणि मोबाईलवर असे सामने बघतात, त्यांच्यासाठी वेळ सांगून ठेवतो. लिंकनला शनिवारी सकाळी अकराला सामना सुरू झाला तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. संध्याकाळी सातचा असेल तर आपली रविवारची पहाट, साडेपाच. नोव्हेंबरात त्यांचे घड्याळ तासाने मागे जाते, तेव्हा यात एक तास मिळवा. पहिले सामने पोळा-गणपतीच्या सुमारास, शेवटचा आयोवाशी, नोव्हेंबरअखेर. तोवर तुमची गव्हाची पेरणी झालेली असेल आणि पहिले पाणी द्यायचे दिवस जवळ आलेले असतील. पेरणीपासून एकवीस दिवस मोजा, मुकुटमुळे फुटायच्या वेळी पाणी चुकवू नका. आयोवाचा निकाल मी पुढच्या अंकात कळवीन.